बोरीची राख आणि ‘कशावरून?’ हा प्रश्न

१

तर्कशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थिनीने मला प्रश्न विचारला. ती बोरी बुद्रुकची. म्हणाली, “सर, आमच्या गावात कुकडीच्या काठी जी दगडी हत्यारं सापडली, ती चौदा लाख वर्षांपूर्वीची, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आता एका पुस्तकात पंचाहत्तर हजार वर्षं असं काहीतरी लिहिलंय. म्हणजे इतके दिवस आम्हाला खोटं सांगत होते का?”

मी त्या दिवशी तिला उत्तर दिले नाही. कारण ‘खोटे’ हा शब्द येथे लागू पडत नव्हता, आणि त्याऐवजी कोणता शब्द वापरावा हे आमच्या क्रमिक पुस्तकात नव्हते. त्या पुस्तकात ‘सर्व माणसे मर्त्य आहेत’ येथून सुरुवात होते आणि सॉक्रेटिस मरेपर्यंत आपण थांबत नाही. त्या अनुमानात एकदा निष्कर्ष निघाला की निघाला. पुढे कितीही नवी माहिती आली तरी तो मागे घ्यावा लागत नाही. गणिताला हे ठीक आहे. पण माणसे अशी अनुमाने दिवसातून किती वेळा करतात? सातची एस.टी. रोज येते, म्हणून उद्याही येईल, असे आपण म्हणतो. रात्री पुलावरून पाणी गेल्याचे कळले की हे अनुमान मागे घेतो. ते मागे घेतले म्हणून आपण काल मूर्ख होतो असे ठरत नाही, आणि खोटारडे तर मुळीच नाही. कालच्या माहितीवर कालचे अनुमान बरोबरच होते.

अशा अनुमानाला मी ‘तूर्त ग्राह्य’ अनुमान म्हणतो. विरोधी कारण समोर येईपर्यंत ते उभे राहते, आले की पडू शकते. कायद्यातील संकल्पना अशाच असतात हे इंग्रज विधिज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९४९ च्या सुमारास मांडले. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन पोलॉक यांनी पुढे त्याचा ज्ञानशास्त्राच्या अंगाने बारकाईने विचार केला. त्यांनी केलेला एक भेद माझ्या मते आपल्या समाजाला फार उपयोगी आहे. त्यासाठीच हा लेख.

२

एखादा युक्तिवाद तीन ठिकाणी मार खाऊ शकतो. सुतारकामाच्या भाषेत सांगायचे तर पायावर, सांध्यावर आणि माथ्यावर.

पायावरचा घाव म्हणजे आधारच खोटा आहे असे दाखवणे. ‘एस.टी. रोज येते’ असे तुम्ही म्हणता, पण ती रोज येतच नाही.

माथ्यावरचा घाव म्हणजे तुमच्या निष्कर्षासमोर उलटा निष्कर्ष उभा करणे. तुम्ही म्हणता गाडी येईल. मी म्हणतो येणार नाही, आणि त्यासाठी माझा वेगळा पुरावा देतो. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात याला ‘सत्प्रतिपक्ष’ म्हणत.

सांध्यावरचा घाव या दोहोंहून निराळा आहे. त्यात मी तुमचा आधार मान्य करतो आणि उलट निष्कर्षही मांडत नाही. तुमच्या आधारावरून तुमचा निष्कर्ष निघतोच कसा, एवढेच विचारतो. पोलॉक यांचे प्रसिद्ध उदाहरण असे: समोरची वस्तू तांबडी दिसते, म्हणून ती तांबडी आहे. मग कोणी सांगते की तिच्यावर तांबड्या दिव्याचा उजेड पडला आहे. यावरून वस्तू पांढरी आहे असे सिद्ध होत नाही. ती खरोखर तांबडीही असेल. पण ‘दिसते, म्हणून आहे’ हा सांधा निखळला. न्यायशास्त्रातील ‘उपाधी’ याच्याच जवळची. चुलीत जाळ आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान टिकत नाही, कारण धूर ओल्या सरपणाचा असतो. जाळ आहे हे खरे, तरी धुराविषयी त्यावरून काही ठरत नाही. आमच्या आयांना हे ग्रंथ न वाचताच ठाऊक होते. ते ग्रंथ वाचण्याची मुभा त्यांना नव्हती, हेही येथे नोंदवले पाहिजे.

हे तीन घाव घेऊन आता बोरीला जाऊ.

३

बोरी येथे कुकडीने साठवलेल्या गाळात फिकट रंगाची, पिठासारखी बारीक ज्वालामुखीची राख सापडते. त्याच परिसरातील खडी-वाळूच्या थरांत हातकुऱ्हाडी आणि फरश्या मिळाल्या. पुरातत्त्ववाले या घडणीला अश्युलियन म्हणतात. नुसत्या दगडी हत्यारावरून त्याचे वय निघत नाही. पण राखेचे वय काढता येते, आणि हत्यारे राखेच्या थराशी निगडित असतील तर त्यांचेही वय हाती येते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांना या जागेचे महत्त्व वाटले ते यामुळे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस रवी कोरीसेट्टर, शीला मिश्रा, एस. एन. राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राखेचे वय प्रसिद्ध केले: सुमारे १४ लाख वर्षे. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने ते काढले होते. पोटॅशियमचा एक प्रकार अतिशय संथ गतीने आर्गॉन वायूत बदलतो. लाव्हा तापलेला असताना जुना आर्गॉन निघून जातो आणि थंड झाल्यापासून नवा साठू लागतो. साठलेला आर्गॉन मोजला की किती काळ गेला ते कळते. या युक्तिवादाला ‘क’ म्हणू.

आता ‘ख’. हा सांध्यावरचा घाव आहे. नदीने वाहून आणलेल्या राखेत इतर दगडांचे कण मिसळलेले असू शकतात. आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. समजा, राख खरोखर पंचाहत्तर हजार वर्षांची आहे आणि नमुन्यात शंभरात दोन कण जुने घुसले आहेत. दोहोंतील पोटॅशियमचे प्रमाण सारखे धरले तर सरासरी वय येते सुमारे १३ लाख ९० हजार वर्षे. फळ्यावर हा हिशेब मांडला तेव्हा वर्ग गप्प झाला. लगेच खुलासा करतो: बेसाल्टमध्ये पोटॅशियम राखेपेक्षा बरेच कमी असते, म्हणून प्रत्यक्षात दोनापेक्षा पुष्कळ जास्त कण मिसळावे लागतील. माझा हिशेब पुरावा नव्हे. शंका कोणत्या फटीतून आत शिरते एवढेच तो दाखवतो. ‘ख’ राखेचे वय सांगत नाही. मोजणी चुकली असेही म्हणत नाही. मोजलेल्या आर्गॉनवरून राखेचे वय निघते का, एवढेच विचारतो.

मग १९९५ साल उजाडले. त्या एका वर्षात दोन उत्तरे आली. मिश्रा, राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्गॉन-आर्गॉन या अधिक काटेकोर पद्धतीने ६ लाख ७० हजार वर्षे हे वय दिले. हा ‘घ’. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने भारतातील राखेच्या काचकणांचे रासायनिक घटक तपासले. ते इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीच्या सर्वांत अलीकडच्या महाउद्रेकाशी जुळतात, म्हणून ही राख सुमारे ७५ हजार वर्षांची, असे त्यांनी मांडले. हा ‘ग’. तीन हजार किलोमीटरांवरून आलेली राख! ‘घ’ आणि ‘ग’ हे एकमेकांच्या माथ्यावर घाव घालतात. एक खरा तर दुसरा खरा नाही. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ‘ग’ मांडणाऱ्या लेखकांमध्ये कोरीसेट्टर यांचेही नाव आहे. १४ लाखांच्या निबंधावर ज्यांची सही, तेच काही वर्षांनी ७५ हजारांच्या निबंधावर सही करतात.

वाद येथे संपला नाही. २०११ मध्ये वेस्टअवे, मिश्रा आणि सहकाऱ्यांनी पुन्हा सांध्यावर बोट ठेवले. टोबाचा उद्रेक एकदाच झालेला नाही. सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीही तेथे मोठा उद्रेक झाला होता, आणि वेगवेगळ्या उद्रेकांची काच एकमेकींसारखी असते. मग नुसत्या साम्यावरून ही राख सर्वांत अलीकडची असे कसे म्हणता? हा ‘च’. त्यावर २०१४ मध्ये निक पिअर्स, जॉन वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी एकेका काचकणातील अत्यल्प मूलद्रव्ये मोजली. या उद्रेकांची काच अशी वेगळी ओळखता येते आणि भारतातील ज्ञात टोबा-राख सर्वांत अलीकडच्या उद्रेकाचीच आहे, असा निष्कर्ष काढला. हा ‘छ’.

४

आता प्रश्न असा की, एवढ्या मारामारीत कोण उभे आहे हे ठरवायचे कसे? ज्याचा आवाज मोठा तो? ज्याची पदवी मोठी तो? शेवटी बोलला तो?

योगायोग असा की, याचे उत्तरही १९९५ सालीच आले. बँकॉकच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील फान मिन्ह झुंग या व्हिएतनामी विद्वानाने एक निबंध लिहिला. त्याची कल्पना इतकी साधी आहे की ती फळ्यावर मावते. प्रत्येक युक्तिवाद म्हणजे एक टिंब. एक युक्तिवाद दुसऱ्यावर घाव घालत असेल तर तसा बाण काढायचा. टिंबाच्या आत काय लिहिले आहे, ते कोणी लिहिले, त्याची जात-प्रतिष्ठा काय, हे सारे पुसून टाकायचे. मग नियम असा: ज्याच्यावर एकही बाण येत नाही तो उभा. उभा असलेला ज्याच्यावर बाण टाकतो तो पडला. ज्याच्यावर आलेले सर्व बाण पडलेल्यांचेच आहेत, तोही उभा. असे करत पुढे जायचे. ज्यांचा निकाल कोणत्याच बाजूने लागत नाही ते अनिर्णित.

बोरीचे चित्र १९९५ पर्यंत काढले तर ‘ख’ आणि ‘घ’ यांच्या माराने ‘क’ डळमळतो, पण ‘ग’ आणि ‘घ’ समोरासमोर अडकून बसतात. त्यांच्यापुरता प्रामाणिक निकाल एकच: अनिर्णित. ‘च’ आला की ‘ग’ आणखी अडचणीत येतो. ‘छ’ आला की चित्र फिरते. आमच्या यादीत ‘छ’वर कोणाचा बाण नाही, म्हणून तो उभा. त्याचा बाण ‘च’वर जातो. राख सर्वांत अलीकडच्या उद्रेकाची असेल तर ती ६.७ लाख किंवा १४ लाख वर्षांची असू शकत नाही, म्हणून ‘घ’ आणि ‘क’ यांच्यावरही जातो. हे तिघे पडले. ‘ग’वरचे बाण पडलेल्यांचे होते, म्हणून ‘ग’ पुन्हा उठला. त्याने स्वतः काही नवे केले नाही. त्याचे विरोधक पडले, एवढेच.

हे चित्र विद्यार्थिनीने स्वतः फळ्यावर काढले. नंतर ती म्हणाली, “म्हणजे आमची हत्यारं पंचाहत्तर हजार वर्षांचीच.”

मी म्हटले, “पुन्हा सांधा तपास. पंचाहत्तर हजार कशाचे वय?”

ती थोडी थांबली. “राखेचं.”

“आणि हत्यारांचे?”

राख नदीच्या गाळात आहे. नदी जुने काठ कापते, त्यातले दगड दुसरीकडे टाकते, नवी राख जुन्या खळग्यात भरते. राख आणि हत्यारे आज शेजारी आहेत, म्हणून ती त्या काळीही शेजारी होती, हाही एक सांधाच आहे, आणि त्यावर घाव बसू शकतो. त्यामुळे राखेपुरता निकाल लागला तरी बोरीच्या हत्यारांचे वय केवळ त्यावरून ठरत नाही. आणखी एक गोष्ट आहे. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथील अश्युलियन हत्यारांचे वय सुमारे १५ लाख वर्षे असल्याचे शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अगदी वेगळ्या पद्धतीने दाखवले. म्हणजे भारतात ही हत्यारे फार प्राचीन आहेत, हे बोरीच्या संशोधकांचे मोठे म्हणणे दुसऱ्या वाटेने पुढे आले. युक्तिवाद पडला म्हणजे निष्कर्ष खोटा ठरला असे नव्हे. त्या वाटेने तेथे पोचता येत नाही, एवढेच त्यातून ठरते.

५

येथपर्यंत हे सारे दगड-मातीचे झाले. पण मी तर्कशास्त्राकडे वळलो तो दगडांमुळे नव्हे.

मी सहावीत होतो. आमच्या गावात (त्याचे नाव येथे नको) वस्तीतून स्मशानाकडे जाणारी पायवाट एका शेतातून होती. ती नांगरली गेली. चावडीपुढे बैठक बसली. समोरचे म्हणाले, “ही वाट पूर्वापार नाही. असेल तर कागद दाखवा.” आमच्यापाशी कागद नव्हता. सही करता येणारा माणूसच ज्या घरात झाला नाही, त्या घरात कागद कोठून येणार? माझे वडील खाली बघत बसून राहिले. एक म्हातारबाबा काही बोलायला उठले, तोच बैठक संपल्याचे सांगण्यात आले. त्या पावसाळ्यात माझ्या चुलतीची तिरडी आम्ही ओढ्यातून नेली.

वडील गप्प का बसले, याचा मला पुष्कळ वर्षे राग होता. आता समजते की त्यांना एकच प्रकारचा घाव ठाऊक होता: माथ्यावरचा. ‘वाट नव्हती’ याला ‘वाट होती’ हे उत्तर, आणि त्यासाठी स्वतःचा पुरावा. पुरावा नाही, म्हणून उत्तर नाही. पण सांध्यावर बोट ठेवायला कागद लागत नाही. ‘वाटेचा कागद नाही, म्हणून वाट नाही, हे कशावरून? गावातल्या किती पायवाटांचे कागद आहेत? आणि पूर्वापार नाही असे तुम्ही म्हणता, त्याचा तुमचा कागद कोठे आहे?’ एवढे विचारायला फक्त तोंड उघडावे लागते. अर्थात तोंड उघडण्याची किंमत काय असते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

हा घाव घालून कोर्टात जिंकलेला एक खटला आपल्या इतिहासात आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आपले लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्याच वर्षी डिसेंबरात स्पृश्य मंडळींनी त्यांच्यावर दिवाणी दावा लावला. तळे नगरपालिकेचे आहे हे ठरल्यावर दाव्याचा सगळा भार एका गोष्टीवर आला: अस्पृश्यांनी हे पाणी घ्यायचे नाही अशी अनादि काळापासूनची रूढी आहे. खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अशी अनादि रूढी वादींनी सिद्ध केलेली नाही.

या निकालाची तार्किक घडण पाहा. अस्पृश्य त्या तळ्यावर फार पूर्वीपासून पाणी भरत होते, असा उलटा इतिहास आपल्या बाजूला सिद्ध करावा लागला नाही. तसा पुरावा मागितला असता तर कोठून आणला असता? ज्यांना लिहू दिले नाही त्यांनी आपल्या वहिवाटीची दप्तरे ठेवलेली नसतात. ‘आजवर कोणी पाणी घेतले नाही, म्हणून न घेण्याची अनादि रूढी आहे’ हा सांधा तेवढा टिकला नाही. आणि तो टिकवून दाखवण्याची जबाबदारी रूढी सांगणाऱ्यावर होती.

म्हणून मी म्हणतो की ‘कशावरून?’ हे दप्तर नसलेल्यांचे हत्यार आहे. इतिहास ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याशी इतिहासानेच लढायचे ठरवले, तर आपण निम्मे हरूनच उतरतो. सांधा तपासायचा हक्क मात्र कोणाच्या ताब्यात नसतो.

६

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगून थांबतो.

पहिली. झुंग यांचे चित्र निःपक्षपाती आहे, पण ते काढायला घेतल्यानंतर. कोणती टिंबे फळ्यावर येतात हे चित्र ठरवत नाही. एक टिंब गाळले की पडलेला उभा राहतो आणि उभा असलेला पडतो. बोरीच्या चित्रातून ‘छ’ पुसून पाहा, ‘ग’ पुन्हा अडकतो. आमच्या चावडीवर त्या म्हातारबाबांचे टिंब फळ्यावर आलेच नाही. बैठक कोणी संपवायची हे ज्याच्या हाती, शेवटचा बाण त्याचा. तेव्हा युक्तिवाद शिकणे आणि बैठकीत बसण्याची, बोलण्याची जागा मिळवणे, ही दोन्ही कामे एकदम करावी लागतात. एकाने दुसऱ्याचे भागत नाही.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. हे हत्यार दुधारी आहे. आपणही आपल्या प्राचीनतेच्या, आपल्या गेलेल्या वैभवाच्या गोष्टी सांगतो. त्यांतल्या काही खऱ्या असतील. पण त्या सांगताना कोणी ‘कशावरून?’ विचारले तर आपल्याला राग येतो. चावडीवरच्या माणसालाही तसाच राग आला असता. ज्या प्रश्नाच्या बळावर आपण ‘पूर्वापार’ मोडून काढले, तो प्रश्न आपल्या दारात आला की त्याला बाहेर उभे करता येणार नाही. बोरीच्या संशोधकांकडून मी शिकलो ते हे. १४ लाखांचा आकडा कोणालाही मिरवावासा वाटला असता. तो ज्यांनी मांडला त्यांतील एकाने पुढे दुसऱ्या आकड्याखाली सही केली. दुसऱ्यांनी आपली बाजू सोडली नाही, पण नवे मोजमाप आणि नवी शंका घेऊनच ती लढवली. कोणीही ‘पूर्वापार’ म्हटले नाही.

ती विद्यार्थिनी परवा भेटली. गावात शाळेच्या कार्यक्रमात तिला बोरीच्या हत्यारांवर बोलायला सांगितले होते. “काय सांगितलंस?” मी विचारले.

ती म्हणाली, “सर, सगळे आकडे सांगितले. चौदा लाख, पावणेसात लाख, पंचाहत्तर हजार, सगळे. आणि कोणाचं कोणी कसं खोडलं तेही. शेवटी एक आजोबा म्हणाले, पोरी, मग आपलं नक्की काय? मी म्हटलं, आबा, राखेचं बरंचसं नक्की आहे. हत्यारांचं अजून चाललंय.”

“मग ते काय म्हणाले?”

“म्हणाले, मग पुढच्या वर्षी परत सांगायला ये.”